रुजू होण्याआधी पतअहवालाची तपासणी

प्रश्न : आयबीपीएसच्या (सरकारी बँकांसाठी सामाईक भरती घेणाऱ्या संस्थेच्या) परीक्षेतून एका सरकारी बँकेत लिपिक पदासाठी माझी निवड झाली आहे. पदवीनंतर काम न मिळाल्याने शैक्षणिक कर्जाचे हप्ते थकले होते. पुढे वडिलांनी एकरकमी तडजोड करून खाते मिटवले, तरी सिबिल (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी) अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा दिसतो. नेमणूक रद्द होईल का? आणि नोकरी देताना अशी तपासणी करणे न्याय्य आहे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : अडचण येऊ शकते, म्हणून आत्ताच हालचाल करा. आयबीपीएसच्या अलीकडच्या जाहिरातींनुसार रुजू होताना उमेदवाराचा पतइतिहास चांगला असावा लागतो, किमान गुणांक (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा क्रेडिट स्कोअर) त्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे ठरतो, आणि प्रतिकूल नोंद असल्यास ती अद्ययावत करून घ्यावी लागते किंवा त्या खात्यावर काहीही येणे नाही असे कर्ज देणाऱ्या संस्थेचे पत्र आणावे लागते. तसे न केल्यास नेमणूक रद्द होऊ शकते.

म्हणून केवळ तडजोडीच्या पावतीवर विसंबू नका, शाखेतून लेखी बेबाकी दाखला, म्हणजे काहीही येणे नसल्याचे पत्र, घ्या. ‘सेटल्ड’ याचा अर्थ बँकेने काही रक्कम सोडून दिली, असा होतो. ती भरणे शक्य असेल तर भरून खाते ‘क्लोज्ड’ असे नोंदवून घेणे अधिक सुरक्षित. देशातील सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो चारही ठिकाणचा पाहा. एखादी नोंद चुकीची आढळल्यास तक्रार करा. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

स्टेट बँकेची भरती स्वतंत्र असते आणि तिथली अट अधिक कडक ठरली आहे. सर्व कर्जे जाहिरातीपूर्वीच फेडली होती, असे सांगणाऱ्या एका उमेदवाराची याचिका मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये फेटाळली, कारण पूर्वीची थकबाकीच अपात्रतेला पुरेशी मानली गेली.

लोकांचा पैसा हाताळणाऱ्याने स्वतःचे देणे कसे सांभाळले, हे बँकेने पाहणे मला गैर वाटत नाही. मात्र गुणांकाला कारण कळत नाही. ज्याची फी घरच्यांनी भरली त्याचा अहवाल कोरा राहतो आणि ज्याने शिकण्यासाठी कर्ज काढले त्याच्याच अहवालावर डाग पडतो, हा अन्याय मला फार बोचतो. शैक्षणिक कर्जाच्या थकबाकीबाबत बँकांनी उमेदवाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये. तोवर बेरोजगारीचा काळ दाखवणारी कागदपत्रे आणि एक लेखी खुलासा दाखल्यासोबत तुम्ही स्वतःहून बँकेकडे सादर करा.