नाव लागणार नसेल, तर ते १८ लाख देऊ नका

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या आणि त्यांची जोडीदार अकरा वर्षं एकत्र राहतात. वाकडला ८० लाखांचा फ्लॅट पसंत पडलाय. बँकेत सांगितलं, ‘तुमचं रक्ताचं नातं नाही, कर्ज एकीच्याच नावावर घ्या.’ म्हणून करारनामा आणि कर्ज जोडीदाराच्या नावावर, आणि ताईंची १८ लाखांची शिल्लक तिच्या खात्यात, असं ठरत आलंय. त्या विचारतात, हे करावं, की समलिंगी लग्नाला कायद्याने मान्यता मिळेपर्यंत थांबावं?

ताई, थांबू नका. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न संसदेवर सोडला, आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. तुम्हाला तो हक्क मिळायलाच हवा, पण त्याची वाट बघत आणखी किती वर्षं भाडं भरणार?

मात्र १८ लाख असे देऊ नका. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम दिली तरी तिच्यावर भेट म्हणून कर लागत नाही. आयकराच्या लेखी तुम्ही दोघी ‘नातेवाईक’ नाही. त्यामुळे वर्षात ५० हजारांच्या वर भेट गेली, की सगळीच रक्कम घेणारीच्या उत्पन्नात धरली जाते. ती ३० टक्क्यांत बसत असेल तर सेससकट साधारण ५ लाख ६२ हजार कर. या भेदाला मुंबई उच्च न्यायालयात एका जोडप्याने आव्हान दिलंय, पण त्याच्या भरवशावर व्यवहार करू नका.

कराहून मोठी भीती वेगळीच आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे पासबुक घेऊन आले होते. नऊ वर्षं दर महिन्याच्या ५ तारखेला २३,५०० रुपये जोडीदाराच्या खात्यात गेलेले, प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने ‘हप्ता’ लिहिलेलं. जोडीदार अचानक गेला. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, इच्छापत्र नाही. वारसांनी महिन्याभरात किल्ली मागितली. त्या पेन्सिलीच्या नोंदींवर मी त्यांना काहीही मिळवून देऊ शकलो नाही.

तुमच्याकडेही तेच होईल. अविवाहित हिंदू स्त्री इच्छापत्राविना गेली, तर मिळकत तिच्या आई-वडिलांकडे जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. म्हणजे तुम्ही पत्रात लिहिलंय त्या, सहा वर्षं तिच्याशी न बोललेल्या तिच्या भावाकडे.

म्हणून करारनाम्यात दोघींची नावं घाला आणि हिस्से आकड्यात लिहा. तुमचे १८ लाख तुमच्याच खात्यातून थेट बिल्डरला जाऊ द्या. ८० लाखांत ते साडेबावीस टक्के होतात. हप्तेही भरणार असाल तर हिस्सा त्या हिशोबाने वाढवा, पण पैसे न देता निम्मा हिस्सा लिहून घेऊ नका, तिथे पुन्हा भेटीचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात खरेदीदार फक्त महिला असतील तर घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे तुमचे ८० हजार वाचतील.

सहमालकाला बँक बहुधा सहकर्जदार करतेच, आणि नात्याबाहेरचा सहकर्जदार अनेक बँका घेत नाहीत. एका शाखेच्या नकारावर थांबू नका, दुसऱ्या बँका आणि गृहवित्त कंपन्यांकडे अर्ज करा. सहकर्जदार झालात की पूर्ण कर्जाची जबाबदारी तुमच्यावरही येते, तेव्हा दोघींचा टर्म विमा हवा. कुणीच तयार झालं नाही, तर १८ लाख तिला रीतसर कर्ज म्हणून द्या: स्टॅम्प पेपरवर करार, रक्कम बँकेतून, परतफेडीची मुदत लिहिलेली. घरावर हक्क येणार नाही, पण पैशावर राहील.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय, की तुमच्यासारख्या जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही. काउंटरवर कुणी अडवलं तर हे सांगा. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. त्यासाठी इच्छापत्रच लागतं. दोघींची वेगवेगळी करा. दोन साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही, आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. इच्छापत्राने मिळालेल्या मालमत्तेवर भेटीचा कर लागत नाही, तिथे तुमचं नातं कुणी विचारत नाही. करारनाम्याच्या नोंदणीला जाल, त्याच आठवड्यात हेही उरकून घ्या.