ब्रेकर कोणाकोणाचं ऐकतो?

प्रिय,

अनेक आशीर्वाद. विजेच्या उपकेंद्रांच्या डिजिटायझेशनच्या कामावर रुजू होण्याआधी कोणती सुरक्षा-साधनं शिकावीत, असं विचारलंस. साधनं नंतर. आधी प्रत्येक ब्रेकरपाशी (वीजप्रवाह तोडणाऱ्या मोठ्या स्विचपाशी) एकच प्रश्न विचारायची सवय लाव: याला उघडायचा हुकूम कुठून कुठून येऊ शकतो? जुन्या पॅनेलवर उत्तर दोन बोटांवर मोजता यायचं, हातातला स्विच आणि रिले, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उघडणारं उपकरण. आता नियंत्रण कक्ष, गेटवे (दोन नेटवर्क जोडणारं यंत्र), टेस्टिंगचा लॅपटॉप आणि उत्पादकाची दूरस्थ जोडणी, असे सगळेच हुकूम सोडू शकतात.

मॉडबस, डीएनपी३, आयईसी १०४ हे प्रोटोकॉल (यंत्रांनी आपसात बोलायचे नियम) मूळ रूपात 'तू कोण' असं विचारतच नाहीत. आयईसी १०४ च्या २४०४ पोर्टवर नीट रचलेला हुकूम आला की आरटीयू (उपकेंद्रात हुकूम अमलात आणणारं यंत्र) फार तर आयपी पत्ता बघतो आणि ब्रेकर उघडतो. अँटिव्हायरसला यात वावगं काही दिसत नाही, कारण हुकूम अस्सलच असतो.

युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ ला हेच झालं. ईमेलला जोडलेल्या फाइलमधून शिरकाव, मग कित्येक महिने आत राहून पासवर्ड गोळा करणं. त्या दिवशी ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माऊस आपोआप फिरला, एकामागून एक ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. खरी मेख पुढे आहे. उपकेंद्रांतल्या जुनी उपकरणं नेटवर्कला जोडणाऱ्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) हल्लेखोरांनी खराब करून टाकलं, म्हणजे दुरून ब्रेकर पुन्हा लावायची सोयच राहिली नाही. वर ग्राहक-केंद्राचे फोन खोट्या कॉलनी तुंबवले. तरी काही तासांत वीज आली, कारण माणसं उपकेंद्रांत गेली आणि त्यांनी हातानं ब्रेकर लावले. स्वयंचलनाच्या भरात हाताने चालवायची सोय काढून टाकायचा प्रस्ताव आला तर कडाडून विरोध कर.

कामाची सुरुवात कागद, पेन आणि टॉर्च घेऊन कर. ड्रॉइंगवर विसंबू नकोस. प्रत्येक केबल शेवटपर्यंत बघ. चाचण्यांच्या वेळी लावलेला आणि नंतर विसरलेला ४जी मोडेम पॅनेलच्या मागे हमखास सापडतो. चालू नेटवर्कवर पोर्ट-स्कॅनर (यंत्रांना पॅकेट पाठवून उघडे पोर्ट चाचपणारं साधन) मात्र चुकूनही चालवू नकोस. जुने आरटीयू अनपेक्षित पॅकेट आलं की अडकून बसतात. मग हल्लेखोराची गरजच उरत नाही! नेटवर्क स्विचच्या मिरर पोर्टवरून (तिथे रहदारीची नक्कल मिळते) नुसतं ऐक: कोण कोणाशी बोलतं, दिवसभर लिहून घे. त्या यादीवरून फायरवॉलचे नियम बनव आणि यादीबाहेरचं सगळं बंद.

उत्पादकाची जोडणी जंप सर्व्हरमधूनच (मधल्या पहाऱ्याच्या सर्व्हरमधून), दोन टप्प्यांच्या ओळखीने. एरवी ती बंद, आणि चालू करायची आपल्या माणसाने.

रिले एकमेकांना पाठवतात त्या गूज संदेशांना कूटबद्ध करायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. ट्रिपचा (ब्रेकर उघडण्याचा) संदेश तीन-चार मिलिसेकंदांत पोचावा लागतो. तिथे स्वतंत्र व्हीएलएएन (नेटवर्कचा वेगळा कप्पा), न वापरलेले पोर्ट बंद आणि पॅनेलला कुलूप, हेच कामाला येतं. फर्मवेअर बदललं की रिलेमधून सेटिंग परत वाचून मंजूर फाइलशी ताडून बघ. अपडेटमध्ये एखादं मूल्य गुपचूप मूळपदावर जाऊ शकतं आणि ते कळतं थेट फॉल्टच्या वेळी.

स्मार्ट मीटरमधला धोका बिलाच्या चोरीपेक्षा मोठा आहे. दुरून जोडणी तोडणारा रिले लाखो मीटरमध्ये एकदम उघडला तर भार कोसळतो आणि वारंवारता उसळते. एकदम लावला तर उलटं. म्हणून एका तासात किती तोडणी-हुकूम सुटू शकतील याची मर्यादा हेड-एंडमध्येच (मीटरना हुकूम सोडणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेतच) बसवून घे आणि मीटरमध्ये यादृच्छिक विलंब माग.

शेवटचं, बॅकअप. रिलेच्या सेटिंग आणि आरटीयूचं कॉन्फिगरेशन नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर ठेव आणि वर्षातून एकदा सुट्या आरटीयूवर ते चढवून बघ. फाइल सहसा सापडते. ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि तिचा परवाना सापडत नाही. ते दोन्ही त्याच डिस्कवर टाक.