बाइकवरून मध्य अमेरिका: सीमेवरच्या कागदांबद्दल तुमचे प्रश्न

मेक्सिको ओलांडून पनामापर्यंत बाइकने जायचं म्हटलं की लोक रस्ते, टायर आणि चोऱ्यांबद्दल विचारतात. या वेळच्या पत्रांत सीमेवरच्या कागदांचे प्रश्न जास्त आहेत, आणि ते योग्यच आहे. या वाटेवर दिवस वाया जातात ते बहुतेक सीमेवरच.

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, बाइक तिथलीच. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा यांचा सीए-४ करार आहे. मग एकदा ग्वाटेमालात शिरलं की पुढे बाइकचं काही करावं लागत नाही ना?

लागतं. 2006 चा हा करार माणसांच्या ये-जा करण्याचा आहे. पाहुण्याला चारही देशांत मिळून 90 दिवस मिळतात. ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहरात दोन महिने स्पॅनिश शिकत बसलात, तर उरलेल्या तीन देशांना एकच महिना राहिला. गाडी या करारात येत नाही. तिला प्रत्येक देशाचा तात्पुरत्या आयातीचा परवाना वेगळा काढावा लागतो.

म्हणून प्रत्येक सीमेवर चार कामं असतात: तुम्ही बाहेर, गाडी बाहेर, तुम्ही आत, गाडी आत. माणसाचं काम मिग्रासिओनच्या, म्हणजे इमिग्रेशनच्या खिडकीवर होतं, गाडीचं आदुआनात, म्हणजे कस्टम्समध्ये. राहून जातं ते हमखास दुसरं काम. पासपोर्टचं झालं की माणूस सुटल्यासारखा पुढे निघतो आणि मागच्या देशाचा परवाना उघडाच राहतो. त्या देशाच्या नोंदीत तुमची बाइक अजून तिथेच असते. परतीच्या वाटेवर तिथे पुन्हा शिरायला गेलात की दंड भरा, नाहीतर मागे फिरा.

तुमच्या बाबतीत याची सुरुवात मेक्सिकोतच होते. बाइक 2007 किंवा त्यानंतरची असेल, तर परवान्यासाठी 400 डॉलर अनामत ठेवावी लागते. ग्वाटेमालात जाण्याआधी, मुदतीच्या आत बानहेर्सितो या बँकेच्या खिडकीवर परवाना रद्द केला तरच ती परत मिळते. आणि बाइक कर्जावर असेल, तर ती देशाबाहेर न्यायला हरकत नाही असं बँकेचं पत्र घरूनच घेऊन निघा.

प्रश्न: पुण्याहून माझी हिमालयन बाइक बोटीने पाठवायची आहे. कार्नेट, म्हणजे गाडीचा कस्टम्ससाठीचा कागद, काढू का?

काढा, पण ते भारतासाठी: गाडी बाहेर नेऊन विनाशुल्क परत आणण्यासाठी. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे ते मिळतं. मध्य अमेरिकेत कार्नेट लागत नाही. तिथे आरसी, पासपोर्ट आणि लायसन्स यांवर काम होतं. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग लायसन्स घ्याच. ते वर्षभर चालतं, तेव्हा फार आधी काढू नका.

एक गोष्ट मात्र आजच बघा. आरसीवर आणि पासपोर्टवर नाव-आडनावाचा क्रम वेगळा, असं आपल्याकडे सर्रास असतं. शिवाय आरसीवर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. मराठी नावाची रचना माहीत नसलेला अधिकारी त्यातलं कोणतंही नाव मालक म्हणून लिहू शकतो. मालकाच्या नावाखाली रेघ मारलेली आरसीची रंगीत प्रत जवळ ठेवा. गाडी भावाच्या किंवा मित्राच्या नावावर असेल, तर नोटरी केलेलं अधिकारपत्र हवं, आणि ते स्पॅनिशमध्ये असलेलं बरं.

प्रश्न: आदुआनाच्या खिडकीवर प्रत्यक्षात काय होतं?

एल साल्वादोरमधून होंडुरासमध्ये जाताना एल अमातियोची सीमा लागते, तिचंच उदाहरण घेऊ. गोआस्कोरान नदीवरचा पूल, आजूबाजूला सखल भाग, कडक ऊन आणि ट्रकांची लांब रांग. ती रांग मालवाहतुकीची असते, बाइकने बाजूने पुढे जायचं असतं. एल साल्वादोरची दोन्ही कामं उरकून पूल ओलांडायचा. पलीकडे आधी पासपोर्ट, मग आदुआना. अधिकारी गाडीपाशी येऊन चासिस नंबर ताडून बघतो. त्यानंतर झेरॉक्सचा फेरा सुरू होतो: पासपोर्ट, लायसन्स, आरसी, मागच्या देशाचा रद्द झालेला परवाना. यातली काही घरून करून नेता येत नाहीत, कारण शिक्का मारलेल्या पानाचीच प्रत मागतात. म्हणून सुट्टे पैसे हाताशी हवेत. एल साल्वादोर आणि पनामात अमेरिकी डॉलर चालतात, होंडुरासमध्ये लेम्पिरा लागतात.

परवाना हातात पडला की खिडकी सोडू नका. उभ्या उभ्या चासिस नंबर एकेक अक्षर करून वाचा. तो सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. कागदावर ओ दिसला तर तिथे शून्य हवा, आय दिसला तर एक. भारतीय हिमालयनचा नंबर एमई या अक्षरांनी सुरू होतो, तेही बघून घ्या. चूक तिथल्या तिथे दाखवली की दुसरी प्रत निघते. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर ग्वासाउलेला, होंडुरासमधून निकाराग्वात जाताना ती सापडली, तर तिथला अधिकारी तुमची गाडी ही या कागदावरची गाडी नाही असं म्हणू शकतो, आणि कागदानुसार त्याचं बरोबरच असतं. पासपोर्ट नंबर, नंबरप्लेट आणि मुदतीची तारीखही त्याच वेळी तपासा. मागे रांग ताटकळते म्हणून संकोच करू नका.

प्रश्न: सीमेवर मागे लागणाऱ्या एजंटांना घ्यावं का?

त्यांना त्रामितादोर म्हणतात. आपल्या आरटीओबाहेरच्या एजंटांसारखेच, काही खरोखर उपयोगी, काही लुबाडणारे. माझं मत: स्पॅनिश येत नसेल तर होंडुरासमध्ये घ्यायला हरकत नाही, इतरत्र शक्यतो स्वतः करा. रक्कम आधी ठरवा आणि काम संपल्यावर द्या. मूळ पासपोर्ट त्याच्या हाती सोडू नका. सरकारी शुल्क खिडकीवर स्वतः भरून पावती घ्या. दोघे असाल तर एकाने गाड्यांपाशीच थांबावं.

प्रश्न: भारतीय पासपोर्टवर व्हिसाचं काय?

वैध अमेरिकी व्हिसा हाच मोठा आधार. त्यावर मेक्सिको, ग्वाटेमाला, कोस्टारिका आणि पनामात पर्यटकाला वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळत आला आहे. पनामाला तो व्हिसा आधी वापरलेला लागतो. एल साल्वादोरने 2023 मध्ये भारतीयांवर लावलेलं हजार डॉलरचं शुल्क विमानतळावरचं आहे, रस्त्याने येणाऱ्यांसाठी नाही. नियम बदलत राहतात, विशेषतः निकाराग्वाचे. निघण्यापूर्वी प्रत्येक वकिलातीला विचारून उत्तर लेखी घ्या. आणि निकाराग्वात ड्रोन नेऊ नका, सीमेवर काढून घेतात.

प्रश्न: विमा कुठे घ्यायचा? पनामानंतर कोलंबियाला कसं जायचं?

निकाराग्वा, कोस्टारिका आणि पनामात विमा सक्तीचा आहे, आणि तो सीमेवरच मिळतो. कोस्टारिका-पनामा सीमेवरच्या पासो कानोआसला घड्याळ एक तास पुढे करा. कोस्टारिकाची खिडकी उघडी असताना पनामाची जेवणासाठी बंद असू शकते.

पनामात रस्ता याविसा गावात संपतो. पुढे दारिएनचं जंगल आहे, सुमारे शंभर किलोमीटर, आणि त्यातून रस्ता नाही. बाइक बोटीने किंवा विमानाने पाठवावी लागते. त्याआधी पनामा सिटीत पोलिसांची तपासणी असते, आणि तिथेही चासिस नंबर परवान्याशी ताडून बघतात. पनामाहून थेट भारतात परतणार असाल, तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य धरतात, म्हणून लस भारतातूनच घेऊन निघा.