आधी वर्गात दिसू दे, मग फाइलमध्ये

अगं, तुझा मेसेज वाचला आणि खरंच खूप आनंद झाला, चौथीच्या वर्गात इतकी रमलेली टीचर आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या प्रायमरी प्रोग्रामची, म्हणजे पीवायपीची, को-ऑर्डिनेटर झाली म्हणजे शाळेने माणूस बरोबर निवडलंय. फक्त एक गोष्ट लगेच कर. ट्रस्टींनी "ऑथरायझेशन (आयबीची प्रोग्राम चालवायची मान्यता) कधीपर्यंत मिळेल" विचारलं आणि तू "वर्षभरात" म्हणून मोकळी झालीस, ते पुढच्या मीटिंगला शांतपणे दुरुस्त कर. कँडिडसीच्या, म्हणजे उमेदवार शाळा व्हायच्या, अर्जापासून धरलं तर साधारण दोन-तीन वर्षं जातात आणि ती का जातात हे तुला आधी पक्कं कळलं पाहिजे, म्हणजे तुला त्यांच्यासमोर ठामपणे बोलता येईल.

पालकांना वाटतं "इंटरनॅशनल" असा एकच कुठला तरी शिक्का असतो. तसं नसतं. शाळा चालवायची परवानगी, एनओसी, आरटीईची मान्यता, शाळेचा सरकारी यूडायस नंबर, फायरची कागदपत्रं हे सगळं इथल्या सरकारकडचं, त्यात आयबीचे जिनिव्हावाले काही करत नाहीत. आयबी १९६८ साली सुरू झाली ती अकरावी-बारावीचा डिप्लोमा घेऊन, मग मधल्या इयत्तांचा एमवायपी १९९४ ला आला, पीवायपी १९९७ ला आणि करिअरचा प्रोग्राम २०१२ ला, आणि यातला प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्रपणे ऑथराइझ होतो. म्हणजे वरच्या मजल्यावर डिप्लोमा वर्षानुवर्षं चालू असला तरी खालच्या प्रायमरीला त्याच्या जोरावर पीवायपी म्हणवून घेता येत नाही. केंब्रिज या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय बोर्डाची पद्धत वेगळी, तिथे शाळा रजिस्टर होते, त्याआधी त्यांचा माणूस येऊन बघून जातो. सीआयएस (कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स) सारख्या संस्था आख्ख्या शाळेला अॅक्रेडिटेशन देतात, त्यात कारभार, मुलांची सुरक्षितता, स्टाफ, सगळंच येतं. तुमच्या ट्रस्टींना नेमकं काय हवंय ते आधी विचार, कारण अर्ध्या मीटिंगा या गोंधळातच जातात.

आता तुझं काम. अर्ज मंजूर झाला की शाळा कँडिडेट होते आणि आयबी एक कन्सल्टंट देते. कन्सल्टंट म्हणजे इन्स्पेक्टर नाही गं, त्याच्याकडे तुला अडलेलं सगळं विचारता येतं, तर विचार. पीवायपी आणि एमवायपी कँडिडेट असतानाच निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष चालवून बघावा लागतो, डिप्लोमाचं उलट, तो ऑथरायझेशनशिवाय शिकवायला सुरूच करता येत नाही. त्या वर्षात टीचर्सची आणि प्रिन्सिपलची आयबीची वर्कशॉप्स व्हायला हवीत, सहा थीम्सचा प्रोग्राम ऑफ इन्क्वायरी, म्हणजे मुलांनी प्रश्न विचारत शिकायच्या युनिट्सचा आराखडा, उभा राहायला हवा, पॉलिसीज लिहून त्या वापरात यायला हव्यात, आणि मग ऑथरायझेशनचा अर्ज, आयबीच्या माणसांची व्हेरिफिकेशन व्हिजिट, रिपोर्ट. हे एक वर्ष कुणालाच गुंडाळता येत नाही, हे ट्रस्टींना सांग. आणि तोपर्यंत शाळेने स्वतःला "आयबी वर्ल्ड स्कूल" म्हणायचं नाही. अॅडमिशनच्या दिवसांत मार्केटिंगवाले सिग्नलला बॅनर लावतील, माहितीपत्रकात लोगो टाकतील, ते छापायला जायच्या आधी तू वाचायचं असा नियमच करून घे, कारण मुंबईत पालक कर्ज काढून फी भरतात आणि त्यांना कँडिडेट म्हणजे काय हे स्वच्छ सांगणं हे आपलं कर्तव्य आहे.

मला तुला मनापासून सांगायचंय ते पुढचं आहे. व्हिजिटला आलेली माणसं फाइल बघतातच, पण ती वर्गात जाऊन बसतात, मुलांशी, टीचर्सशी, पालकांशी बोलतात, आणि फाइलमध्ये लिहिलेलं वर्गात दिसतंय का एवढंच शोधत असतात. म्हणून सुरुवात वर्गापासून कर. पवईच्या एका शाळेत चौथीला "शेअरिंग द प्लॅनेट" या थीमखाली पाण्याचं युनिट होतं. युनिटच्या लेखी आखणीचा प्लॅनर सुंदर होता, जलचक्राचं चित्र, पाणी वाचवाची पोस्टर्स, सगळं होतं. पण एका मुलीने खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, "एवढा मोठा तलाव समोर आहे तर आपण त्याचं पाणी का नाही पीत?" टीचरने प्लॅनर बाजूला ठेवला आणि पुढचे कितीतरी दिवस वर्ग त्याच प्रश्नामागे गेला. पवईचं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही, मग नळाला येतं कुठून, तर विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. मुलांनी नकाशावर दोरा धरून अंतरं मोजली, भातसा शहापूर तालुक्यात आहे हे शोधलं, आणि त्याच शहापूरच्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो हे कळल्यावर वर्ग गप्पच झाला. एक मुलगा म्हणाला, मग हे शेअरिंग कसलं? टीचरने हा प्रश्न तसाच प्लॅनरमध्ये तारखेसह लिहिला, आधी ठरवलेलं काय बदललं आणि का बदललं तेही लिहिलं. अगदी साधं, खाडाखोड असलेलं पान होतं ते. पण इन्क्वायरी म्हणतात ती काय हे त्या एका पानावर कुणालाही दिसलं असतं. तुझ्या टीचर्सना अशी पानं जपायला सांग, व्हिजिटच्या आदल्या महिन्यात सगळे प्लॅनर्स पुन्हा नव्याने टाइप करायला बसवू नकोस.

याच युनिटमध्ये अजून एक गोष्ट झाली जी मला जास्त महत्त्वाची वाटते. मराठीच्या बाईंचं माहेर शहापूरकडचं. बहुतेक शाळांत मराठीच्या बाईंना प्लॅनिंग मीटिंगला बोलवतच नाहीत, त्यांचा तास झाला की त्या दुसऱ्या वर्गावर पळतात. इथे त्यांना बोलावलं होतं, त्यांनी स्वतःच्या आईला स्पीकरवर फोन लावला आणि मुलांनी मराठीत प्रश्न विचारले, हंडे किती, विहिरीला पाणी कधीपर्यंत असतं, टँकर किती दिवसांनी येतो. ज्यांच्या घरी गुजराती किंवा तमिळ बोलतात ती मुलंसुद्धा मोडक्यातोडक्या मराठीत विचारत होती कारण त्यांना उत्तर हवं होतं. तुमच्या लँग्वेज पॉलिसीत नेमकं हे यायला पाहिजे. पीवायपीत सात वर्षांच्या वयापासून तरी दुसरी भाषा शिकवायलाच लागते, आणि आपल्याकडे २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे टाइमटेबलमध्ये मराठी असतेच, पण ती शिकण्याचा भाग आहे का नुसती कायद्यापुरती आहे, हे मुलांशी पाच मिनिटं बोललं की कळतं. दुसऱ्या शाळेची पॉलिसी डाउनलोड करून नाव बदलायचा मोह होईल. करू नकोस. तुमच्या मुलांच्या घरी कुठल्या भाषा बोलतात त्याचा साधा फॉर्म पालकांकडून भरून घे आणि तिथून लिहायला लाग.

बाकी पॉलिसीज, असेसमेंट, इन्क्लुजन, अॅकॅडमिक इंटेग्रिटी, अॅडमिशन, यांचंही तेच सूत्र. फक्त इन्क्लुजनवर ट्रस्टींकडून स्पष्ट उत्तर घे, स्पेशल एज्युकेटर नेमणार आहात का आणि किती मुलांमागे, कारण पॉलिसीत "प्रत्येक मुलाला आधार" लिहायचं आणि इंटरव्ह्यूला अडखळणाऱ्या मुलाला नाकारायचं हे चालणार नाही, आणि ते चालूही नये.

सगळ्यात जड काम टाइमटेबलचं असणार आहे. टीचर्सना एकत्र बसून प्लॅनिंग करायला शाळेच्या वेळेत तास पाहिजे, आयबी ते मागतेच. विरार आणि कल्याणहून लोकलने येणाऱ्या टीचरला साडेतीननंतर थांबवून तू चांगलं प्लॅनिंग करून घेऊ शकणार नाहीस, तिचा जीव गाडीत अडकलेला असतो. प्रिन्सिपलबरोबर बस, पिरियड्स हलव, आर्ट आणि पीई एकाच वेळी लाव म्हणजे त्या इयत्तेच्या सगळ्या टीचर्स मोकळ्या होतात. याला पैसे लागत नाहीत. आणि पैशाचा विषय निघालाच तर, महापालिकेनेसुद्धा विलेपार्ल्यात आयबीची आणि माटुंग्यात केंब्रिजची शाळा काढलीय, तेव्हा एसी आणि स्विमिंग पूल याच्यावर ऑथरायझेशन अडतं असं कुणी म्हटलं तर हे सांग.

उणिवा लपवू नकोस. लायब्ररीत मराठी पुस्तकं कमी आहेत, दोन टीचर्स मध्येच सोडून गेल्या, तिसरीच्या दोन युनिट्स कच्च्या आहेत, असं सरळ लिही आणि शेजारी काय करतोय, कोण करतंय, कधीपर्यंत, ते लिही. रिपोर्टमध्ये कौतुक असतं, सूचना असतात आणि काही बाबी "सोडवाव्याच लागतील" म्हणूनही येतात. त्या आल्या म्हणजे नापास झालो असं नाही, त्या पूर्ण करून पुढे जाता येतं, पण तुम्हाला स्वतःलाच त्या माहीत नव्हत्या असं दिसलं तर शाळेबद्दलचा विश्वास कमी होतो. शिवाय एकदा मिळालं की संपलं असंही नाही, दर पाच वर्षांनी सेल्फ स्टडी (शाळेने स्वतःच केलेली स्वतःची तपासणी) आणि इव्हॅल्युएशन असतं. आज प्रामाणिकपणे लिहिलेलं तेव्हा तुझ्या नाहीतर तुझ्यानंतर येणाऱ्या को-ऑर्डिनेटरच्या कामी येतं.

आणि मुलांना उत्तरं पाठ करून देऊ नका, प्लीज. आयबीच्या लर्नर प्रोफाइलचे, म्हणजे मुलांत यावेत असे, दहा गुण घडाघडा म्हणणाऱ्या मुलापेक्षा "आम्हाला अजून कळलं नाही की टँकर का लागतो" म्हणणारं मूल लाख पटीने बोलकं असतं.

मे महिन्याच्या सुट्टीआधी टाइमटेबलची मीटिंग उरकून घे, नंतर कुणी सापडत नाही. भाषांचा फॉर्म तयार झाला की मला पाठव, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत कर म्हणजे आजीआजोबांनाही भरता येईल. लँग्वेज पॉलिसीचा पहिला ड्राफ्ट मराठीच्या बाईंना बरोबर घेऊनच लिही, मी रविवारी वाचून खुणा करून देईन.

तुझी ताई