सिगारेट सोडल्यावर तीन-चार महिन्यांनी पुन्हा सुरू होते. या वेळी ती कशी टाळू?

तुम्ही लिहिलंय की सोडून अडीच महिने झाले, तलफ आता फारशी येत नाही, पण याआधी दोनदा तीन-चार महिन्यांच्या सुमारास पुन्हा सुरू झाली. तेव्हा या वेळी वेगळं काय करावं. मी डॉक्टर नाही. सतरा वर्षं रोज पंधरा-वीस ओढलेला माणूस आहे. एकदा सात महिन्यांनी घसरलो, त्यानंतर पुन्हा सोडली, त्याला आता सहा वर्षं झाली. उत्तर जरा लांबेल.

‘तलफ फारशी येत नाही’ हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय. मला खरा धोका तिथंच दिसतो.

निकोटीन दोन-तीन दिवसांत शरीरातून निघून जातं. चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणं हे सगळं पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीनचे रिसेप्टर, म्हणजे निकोटीन जिथं जाऊन चिकटतं त्या जागा, वाढलेले असतात, तेही साधारण सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्याइतके होतात. म्हणजे तुमच्या शरीराचा हिशोब जवळजवळ मिटलाय. तरी याआधी दोनदा याच सुमारास गाडी घसरली. म्हणजे शरीर मागत होतं म्हणून ती सिगारेट पेटली नव्हती.

माझं सांगतो. सातवा महिना. एक मोठं काम हातावेगळं झालं होतं, रात्र झालेली, सगळे खुशीत. ऑफिसच्या मागच्या जिन्यात तिघं-चौघं ओढायला निघाले, मीही निघालो, नुसत्या गप्पा मारायला. असं ‘नुसतं’ जिन्यात उभं राहणं त्याआधी महिनाभर चालूच होतं. एकाला लायटर सापडेना. माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होता. सात महिने न ओढणाऱ्या माणसाच्या बॅगेत लायटर कशाला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. मी त्याची पेटवून दिली. त्यानं पाकीट माझ्यापुढं धरलं.

तलफ नव्हती हो. खरंच नव्हती. ‘आता जमलंय आपल्याला, एकीनं काय होतंय’, एवढंच डोक्यात होतं.

आणि झालं काय? काहीच नाही. हा भाग लोक सांगत नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो. डोकं थोडं गरगरलं, तोंड कडू पडलं, चव आवडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तलफ नाही. आठ-नऊ दिवस काही नाही. ‘एक ओढलीस की संपलास’ असं सगळ्यांकडून ऐकलेलं, ते खोटं ठरलं म्हणून मी मनातून खूश. मग नियम काढला: फक्त जिन्यात, फक्त दुसऱ्याची. मग शुक्रवारची सवय. मग दर वेळी दुसऱ्याकडे मागणं बरं दिसत नाही म्हणून, निव्वळ सभ्यपणापोटी, एक पाकीट विकत घेतलं. सहाव्या आठवड्यात सकाळी डोळे चोळत बाल्कनीत उभा होतो आणि ती दिवसातली दुसरी होती.

ॲलन मार्लेट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं व्यसन पुन्हा का लागतं यावर बरंच काम केलंय. त्यांचा एक मुद्दा मला नंतर वाचताना चपराकीसारखा लागला. माणूस आधी वरकरणी बिनमहत्त्वाचे छोटे छोटे निर्णय घेत जातो आणि स्वतःच्याही नकळत अशा जागी येऊन उभा राहतो, की तिथून नकार देणं जवळजवळ अशक्य होतं. माझ्या बाबतीत ते निर्णय म्हणजे लायटर न टाकणं, जिन्यात जायला लागणं, आणि ‘मी अजून तुमच्यातलाच आहे’ हे दाखवायची हौस. सिगारेट सगळ्यांत शेवटी आली. पाकीट पुढं आल्यावर मन घट्ट करायला मी दुबळा पडलो असं नाही, मला महिनाभर उशीर झाला होता.

म्हणून तुम्ही एक करा. मागच्या दोन वेळांचं कागदावर लिहून काढा. सिगारेट कशी होती ते नको, तिच्या आधीचे दोन-तीन आठवडे लिहा. कुणाबरोबर उठबस वाढली होती? झोप कमी पडत होती का? पहिली सिगारेट विकत घेतली की कुणी दिली? दिली असेल तर तो माणूस दोन्ही वेळी एकच होता का? मी लिहिलं तेव्हा कळलं की ताणाच्या दिवसांत मी व्यवस्थित टिकलो होतो, घसरलो तो आनंदात. अनेकांचं उलटं असतं: भांडण, एकटेपण, कंटाळा. तुमचं कोणतं ते तुमच्याच दोन घसरणींत लिहिलेलं आहे.

घरातलं सामान काढून टाकणं तुम्ही केलंच असेल, तरी जुन्या जॅकेटचे खिसे, गाडीतला कप्पा आणि प्रवासाची बॅग पुन्हा एकदा बघा.

नकार देताना ‘सोडलीय’ म्हणू नका, ‘मी ओढत नाही’ म्हणा. शब्दांचा खेळ वाटेल, पण ‘सोडलीय’ म्हटलं की समोरचा विचारतो, किती दिवस झाले, कशी काय सोडलीस, मग आज एक चालेल की. तुम्ही उत्तरं देत बसता आणि पाकीट तोवर उघडंच असतं. ‘ओढत नाही’ला पुढचा प्रश्न नसतो.

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडवायला मदत करणाऱ्या केंद्रांत एक नियम सांगतात: एकही झुरका नाही. मी आधी त्याला अतिरेक समजायचो. आता वाटतं, तो आळशी माणसासाठीच केलेला नियम आहे. ‘कधीतरी एखादी’ असं ठरवलं की दर वेळी नव्यानं विचार करावा लागतो: आज चालेल का, ही धरायची का, मागची कधी होती. ‘एकही नाही’मध्ये विचारच करावा लागत नाही.

तलफ आलीच तर ती काही मिनिटांत उतरते. पण तीन मिनिटं ऐकायला छोटी वाटतात, प्रत्यक्षात दोन्ही हात रिकामे घेऊन उभं राहायला बरीच लांब असतात, हे आधी माहीत असलेलं बरं. काय करावं याच्या याद्या पुष्कळ आहेत; पाणी प्या, चालून या, दीर्घ श्वास घ्या. सॉल शिफमन या संशोधकानं १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सिगारेट सोडलेली आणि घसरायच्या बेतात असलेली माणसं ज्या हेल्पलाइनवर फोन करत, त्यांच्या बोलण्यावरून केलेला. त्यातून निघालं की तलफ आल्यावर माणसानं काहीतरी केलं, हीच गोष्ट सगळ्यांत मोठी ठरली. नुसतं सोसत बसणारे जास्त घसरले. मी जिने उतरून चढायचो. दुसऱ्या टोकाचा जिना, अर्थात.

त्याच अभ्यासात दारूचाही मुद्दा आहे: प्यायलेलं असताना असले उपाय लंगडे पडतात. मी दुसऱ्या खेपेला सहा महिने दारूला हात लावला नाही. मित्रांनी चिडवलं, पण हा निर्णय मला आजही सगळ्यांत फायद्याचा वाटतो. तुम्ही पीत असाल तर निदान ओढणाऱ्यांबरोबर तरी पिऊ नका.

कॉफीचं एक फार कमी जणांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करतं. ओढणं थांबलं की तो वेग मंदावतो, आणि तेवढ्याच कपांतलं कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं. मग छातीत धडधड, हात कापणं, झोप उडणं. माणसाला वाटतं, सिगारेट हवीय. मी कप निम्मे केले आणि माझी अर्धी ‘बेचैनी’ गेली.

औषधांबद्दल थोडक्यात. निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) किंवा गम वापरत असाल तर बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच टाकू नका, मी पहिल्या खेपेला तेच केलं होतं. पॅच आणि जोडीला गम, हे एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा जास्त उपयोगी पडतं. गम च्युइंगमसारखा चघळत सुटायचा नसतो. चावायचा, जिभेला झिणझिण लागली की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की पुन्हा चावायचा. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांना विचारूनच. वजन थोडं वाढतं. वाढू द्या, ते नंतर बघता येतं.

‘ताण आला की एक लागतेच’ या वाक्याबद्दल मात्र जरा थांबतो, कारण बहुतेक जण याच वाक्यावरून परत जातात. निकोटीनचं प्रमाण दोन तासांत निम्म्यावर येतं. ओढणाऱ्याला मग जी अस्वस्थता येते ती पुढच्या सिगारेटीनं शमते, आणि त्याला वाटतं ताण शमला. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं होतं. त्यात सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. वाईट बातमी आली की अजूनही माझा हात शर्टाच्या खिशाकडे जातो, नाही असं नाही. पण तो हात आहे, त्याला सवय आहे.

स्वप्नं पडतात का? मला तिसऱ्या महिन्यात पडायची. एका रात्री स्वप्नात अख्खी ओढली, दचकून उठलो आणि अंधारात बोटांचा वास घेऊन पाहिला. फार अपराधी वाटलं. पुढं वाचलं की १९९१ सालच्या एका अभ्यासात सोडणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना पहिल्या चार आठवड्यांत अशी स्वप्नं पडली होती, आणि ती पडून वाईट वाटलेले लोक उलट जास्त टिकले होते. तेव्हा स्वप्नात ओढली तर खुशाल ओढा.

आता, एवढं करूनही एखादी ओढली गेलीच तर? झुरक्याआधी जितका कडक नियम, तितकीच झुरक्यानंतर स्वतःशी बोलण्याची भाषा मऊ हवी. मार्लेट यांनी घसरणं आणि पुन्हा सुरू होणं यांत फरक केलाय. मोडलंच आहे, आपण मुळातच कमकुवत, मग आता काय राहिलं, या विचारानं माणूस दुसरी पेटवतो, आणि पहिलीपेक्षा ही दुसरी महाग पडते. हातातली तिथंच विझवायची. पाकीट घेतलं असेल तर उरलेल्यांवर पाणी ओतायचं, कारण नुसतं कचऱ्यात टाकलेलं पाकीट रात्री परत काढता येतं. अनुभवाचे बोल आहेत. ‘सोमवारपासून’ म्हणायचं नाही. आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

दुसऱ्या खेपेला चौथ्या महिन्यात मी दोन झुरके घेतले होते. विझवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “बरं. उरलेली कुठं आहेत?” उरलेली नव्हतीच, मागून घेतली होती. मग फोनमधल्या ॲपवर दिवसांचा आकडा शून्यावर आणायचा की नाही यावर आमचा अर्धा तास वाद झाला. तिचं म्हणणं, आणायला हवा. मी आणला नाही.