सीएनसीच्या स्टेप, डिर, लिमिट सगळ्यांना पीसी८१७ चालेल का, की ६एन१३७ किंवा डिजिटल आयसोलेटर घ्यावा?

८१७ आणि ६एन१३७ दोन्ही ऑप्टो, म्हणजे सिग्नल प्रकाशातून पलीकडे देऊन दोन सर्किट विजेने वेगळी ठेवणाऱ्या चिप; डिजिटल आयसोलेटर तेच काम एलईडीशिवाय करतो. ८१७ लिमिट स्विचला (अॅक्सिसच्या टोकाचा) चालेल, स्टेपला (दर पल्सला मोटर एक पाऊल) नाही, आणि डिरला (फिरायची दिशा) तर अजिबातच नाही. तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय ना, "डिर तर स्लो सिग्नल आहे, तिथे ८१७ चालून जाईल", तेवढं वाचलं आणि लिहायला बसलो. हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता कुणीही म्हटलं तरी डोकं फिरतं.

स्टेपचं गणित कुणालाही पटतं. २०० स्टेपची मोटर, १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ तुकडे), ५ मिमी पिचचा स्क्रू म्हणजे मिमीला ६४० पल्स, आणि मिनिटाला ३००० मिमीने पळवलं की सेकंदाला ३२ हजार. दोन पल्समध्ये जेमतेम ३१ मायक्रोसेकंद. ८१७ च्या डेटाशीटमधला ४ मायक्रोसेकंदांचा राइज टाइम बघून लोक खूश होतात, पण तो १०० ओमच्या लोडवर मोजलेला आहे, तुम्ही तिथे १० के पुलअप (आउटपुट वर, हायला ओढणारा रेझिस्टर) लावणार, मग तो चालू होतो पटकन पण बंद व्हायला चाळीस-पन्नास मायक्रोसेकंद सहज खातो. पल्स एकमेकींना चिकटतात, मोटर जागेवर किंचाळते, आणि काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं. डिरमध्ये असं काहीच कळत नाही.

साडूंनी राउटर बांधला, मेकॅनिकल काम खरंच सुंदर, त्यात माझं काही म्हणणं नाही. कंट्रोलर जीआरबीएल या सॉफ्टवेअरवाला, मोटर चालवणारा ड्रायव्हर डीआरव्ही८८२५, म्हणजे आत आयसोलेशन शून्य, म्हणून मध्ये ऑप्टोचा बोर्ड. स्टेपला ६एन१३७ मी आग्रह करून घालायला लावले, डिरला मात्र त्यांनी ८१७ च टाकले, वर "दिशा काय सेकंदाला हजार वेळा बदलतेय का हो?" चौकोन, गोल, अक्षरं सगळं अचूक निघालं. मग त्यांनी लाकडावर रिलीफचं, म्हणजे उठावाच्या नक्षीचं, काम लावलं, एक्सवर पुढेमागे पुढेमागे करत शेकडो पास, आणि काम संपेपर्यंत सगळं नक्षीकाम दीडेक मिमी एका बाजूला सरकलेलं.

साडूंचं निदान ठरलेलंच, बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली ढिलाई. नट बदलला, तरी तेच. मग कपलिंग, मोटर आणि स्क्रूला जोडणारा तुकडा. मी म्हणत होतो की बॅकलॅश साठत नाही हो, जाताना जेवढा खातो तेवढाच येताना खातो, हजार फेऱ्या मारा, चूक तेवढीच राहते. कपलिंग घसरत असेल तर कधी इकडे कधी तिकडे, कधी कमी कधी जास्त. इथे प्रत्येक वेळी एकाच बाजूला आणि पासच्या संख्येच्या हिशोबात सरकतंय, हे मेकॅनिकल नाहीच. त्यावर उत्तर, "तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले पंखा बंद पडला तरी स्कोप लावाल."

लावलाच स्कोप, सिग्नलचा आलेख दाखवणारा. ड्रायव्हरच्या पिनांवर एका चॅनेलला डिर, दुसऱ्याला स्टेप. डिर खाली येताना झटक्यात, वर चढताना मात्र निवांत, आणि ती चढत असतानाच पहिली स्टेप येऊन गेलेली. जीआरबीएल दिशा लिहितं आणि लगेच त्याच इंटरप्टमध्ये स्टेप सोडतं, मध्ये थांबत नाही. ड्रायव्हरला खरं तर डिर फक्त ६५० नॅनोसेकंद आधी स्थिर लागते, पण इथे तीच पन्नास मायक्रोसेकंद उशिरा. म्हणजे उलटं वळल्यावरची पहिली मायक्रोस्टेप जुन्याच दिशेला पडते. जायची होती मागे, गेली पुढे, चूक दोन मायक्रोस्टेपची. आणि ऑप्टो फक्त बंद होतानाच आळशी असल्यामुळे हे दोनपैकी एकाच वळणावर होतं, म्हणून भरपाई कधीच होत नाही. ५०० फेऱ्या म्हणजे १००० मायक्रोस्टेप, भागिले ६४०, १.५६ मिमी. लाकडावर मोजा नाहीतर कागदावर, आकडा तोच.

डिरचे ऑप्टो बदलून ६एन१३७ टाकले, सरकणं गेलं. पण त्याच दिवशी साडूंनी नवीन कपलिंगही बसवलं होतं, आणि आजतागायत घरात कुणी पाहुणे आले की मशीन दाखवताना ते सांगतात कपलिंग बदललं आणि प्रश्न सुटला.

असो. तुमचं. स्टेप आणि डिर दोन्हीला एकाच जातीचे ६एन१३७. एलईडीला दहाएक मिलिअँपिअर द्या, ५ व्होल्टवरून ३३० ओम, ३.३ व्होल्टचा कंट्रोलर असेल तर १८० च्या आसपास. आउटपुटच्या बाजूला ५ व्होल्टच, १२ दिले तर मेला. पिन ८ आणि ५ मध्ये अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तो न लावता "६एन१३७ पण फालतूच निघाला" म्हणणारे बरेच भेटतात. ६एन१३८, ६एन१३९ नंबर सारखे दिसतात म्हणून उचलू नका, ते आतून डार्लिंग्टन आहेत, स्लो.

लिमिट स्विचला ८१७ उत्तम, तिथे स्लो असणं उलट फायद्याचंच. स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा, वायर तुटली तर मशीन थांबेल. २४ व्होल्टवर ४.७ के पुरतो, साधारण ५ मिलिअँपिअर, २.२ के लावलात तर पाव वॉटचा रेझिस्टर जवळजवळ पूर्ण क्षमतेवर तापत बसेल.

डिजिटल आयसोलेटर, म्हणजे एडीयूएम१४०१ किंवा आयएसओ७७४० वगैरे, माझ्या मते आता नवीन बोर्ड बनवत असाल तर सरळ तेच घ्या. एका चिपमध्ये चार चॅनेल, एलईडी म्हातारा होण्याची भानगड नाही, उशीर नॅनोसेकंदांत. मात्र दोन्ही बाजूंना वेगळी पॉवर लागते, आणि इथेच निम्मे लोक दोन्हीकडे एकच ५ व्होल्ट आणि एकच ग्राउंड जोडून मोकळे होतात. मग ते आयसोलेशन नुसतं शोभेचं. दुसऱ्या बाजूला वेगळे ५ व्होल्ट देणारा बी०५०५एस सारखा छोटा कन्व्हर्टर टाका.

आणि हो, हे आधी विचारायला हवं होतं, तुमचे ड्रायव्हर कुठले? डीएम५४२ सारखे पल+ पल− वाले असतील तर ऑप्टो आतच आहेत, बाहेर परत कशाला, फक्त डिर आणि स्टेपमध्ये ५ मायक्रोसेकंदांचं अंतर मिळतंय ना बघा.

तुमच्याकडेही कुणी कपलिंग कपलिंग करत असेल तर एक टेस्ट सांगतो, जी मी साडूंच्या मशीनवर जुना ऑप्टो परत लावून केली. जीआरबीएलमध्ये डॉलर-तीन सेटिंगने त्या अॅक्सिसची दिशा उलटवा आणि मोटरच्या एका कॉइलच्या दोन वायर अदलाबदल करा. मशीन पूर्वीसारखंच चालेल, पण दोष डिरच्या ऑप्टोत असेल तर नक्षी आता विरुद्ध बाजूला सरकेल. कपलिंगला डॉलर-तीन कळत नाही. साडूंनी ते बघितलं आणि "चहा घेणार का" म्हणाले.

स्पिंडल (कापणारी मोटर) ऑनच्या लाइनला मात्र वेगळा विचार करा, पॉवर गेल्यावर तो आपोआप सुरू व्हायला नको. कंट्रोलरची पॉवर गेली की ६एन१३७ चं आउटपुट पुलअपमुळे हाय होतं, साध्या आयएसओ७७४० चंही हायच, लो हवं असेल तर नावापुढे एफ असलेला घ्यावा लागतो. आणि इमर्जन्सी स्टॉप यातल्या कशातूनच नेऊ नका, तो सरळ काँटॅक्टरच्या (मुख्य पॉवर तोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलचा करंट तोडणारा असू द्या.