मादिराँ आधी बदकाबरोबर घे
पहिल्याच घोटाला हिरडा चघळल्यासारखं तोंड आवळलं, म्हणून बाटली खराब समजू नकोस. मादिराँ अशीच असते. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गास्कनीची ही रेड वाइन मुख्यतः ताना द्राक्षाची, आणि त्याच्या साली-बियांत टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारं तुरट द्रव्य, ठासून भरलेलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच वाइन बनवणाऱ्या पात्रिक द्युकुर्नोंनी वाइनमध्ये ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सोडून तिला मवाळ करायची युक्ती काढली. तरी कोवळी बाटली दोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागेल अशा रुंद काचेच्या भांड्यात, ओतून ठेवच.

नुसती पिऊ नकोस. तिथले लोक ती बदकाच्या काँफीबरोबर घेतात, म्हणजे बदकाच्याच चरबीत मंद शिजवलेली तंगडी, कातडी शेवटी कुरकुरीत केलेली. आधी घास, मग घोट. टॅनिन मांसातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, चरबीने जीभ माखलेली असते, आणि तुरटपणा एकदम खाली बसतो. पांढरे घेवडे नि सॉसेज घातलेलं कासुलेही झकास. मासे मात्र नकोत, तोंडात लोखंडाची चव येते.

आणि हो, रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात, पण ते म्हणजे मुंबईतला मे महिना नव्हे. १६ ते १८ अंश पुरे. मी तर सरळ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो.